पंधरा मतांचा फरक : डेलावेअर, १८०२

सीझर ऑगस्टस रॉडनी यांना ३४२१ मते, जेम्स ॲश्टन बायर्ड यांना ३४०६. ऑक्टोबर १८०२ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर या चिमुकल्या राज्याने देशाच्या प्रतिनिधिगृहासाठी आपला एकुलता एक प्रतिनिधी निवडला, त्या निवडणुकीचा हा निकाल. फरक पंधरा मतांचा. पंधरा माणसे म्हणजे खानावळीतली एक पंगत.

एवढ्याशा राज्यातली एवढीशी निवडणूक. अमेरिकेच्या इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत ती आली तर एखाद्या तळटिपेत येते. पण या तळटिपेत हरलेला माणूस कोण होता? अवघ्या वीस महिन्यांपूर्वी ज्याच्या हातात देशाचा अध्यक्ष कोण होणार हे ठरवण्याची किल्ली होती, तो. आणि त्याच्याविरुद्ध उभे राहण्याचा आग्रह रॉडनी यांना कोणी केला? त्या किल्लीने ज्यांचे दार उघडले, त्या अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनीच. म्हणून ही पंधरा मते मला अमेरिकेच्या आरंभकाळातल्या कितीतरी गाजलेल्या निवडणुकांपेक्षा अधिक विचार करण्याजोगी वाटतात.

डेलावेअर उत्तर-दक्षिण जेमतेम ९६ मैल लांब. रुंदी कुठे ३५ मैल, तर कुठे फक्त ९. त्यात तीन काउंट्या, म्हणजे तीन जिल्हे: उत्तरेला न्यू कॅसल, मध्ये केंट, दक्षिणेला ससेक्स. ब्रिटिश काळात या भागाला स्वतःचे धड नावही नव्हते. ‘डेलावेअर नदीवरच्या खालच्या काउंट्या’ असे म्हणत. गव्हर्नर पेनसिल्व्हेनियाचा, विधानसभा मात्र १७०४ पासून वेगळी. १५ जून १७७६ रोजी या विधानसभेने ब्रिटिश राजसत्तेशी नाते तोडले आणि पेनसिल्व्हेनियाशीही. मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत वाढलेल्या या प्रदेशाला आपल्या समान हक्काची जपणूक करण्याची सवय पुरती अंगवळणी पडलेली होती.

त्या जपणुकीचे पहिले मोठे फळ दोनच आठवड्यांत दिसले. फिलाडेल्फियात तेरा वसाहतींची काँग्रेस स्वातंत्र्याच्या ठरावावर मत देणार होती आणि तिथे प्रत्येक वसाहतीला एकच मत होते. डेलावेअरचे तीन प्रतिनिधी. थॉमस मॅकीन ठरावाच्या बाजूने, जॉर्ज रीड विरुद्ध आणि तिसरे सीझर रॉडनी घरी, डेलावेअरमध्ये. म्हणजे मत दुभंगलेले. निरोप पोहोचताच रॉडनी रात्रीच घोड्यावर निघाले. त्यांच्या चेहऱ्याला कर्करोगाने ग्रासलेले, बाहेर गडगडाटी पाऊस, समोर सुमारे ८० मैलांचा रस्ता. २ जुलैला ते काँग्रेसमध्ये पोहोचले आणि डेलावेअरचे मत स्वातंत्र्याच्या पारड्यात पडले. १८०२ साली पंधरा मतांनी जिंकलेले सीझर ऑगस्टस रॉडनी हे या सीझर रॉडनींचे पुतणे. काका अविवाहित होते. पुतण्याच्या शिक्षणाची तजवीज त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती.

१७८७ साली नवी राज्यघटना लिहायला प्रतिनिधी जमले तेव्हा डेलावेअरने आपल्या लोकांच्या हाती एक अट लिहून दिली होती: राज्याराज्यांच्या मतांची समानता सोडायची नाही. मोठी राज्ये म्हणत, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. शेवटी तडजोड झाली. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे. ही तडजोड होताच डेलावेअरने वेळ दवडला नाही. ७ डिसेंबर १७८७ रोजी डोव्हर गावात जमलेल्या तीस प्रतिनिधींनी एकमुखाने नवी घटना मान्य केली. घटना मान्य करणारे ते पहिले राज्य ठरले, आणि आजही तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर हा मान मिरवला जातो.

त्या तडजोडीत समानतेचे आणखी एक बीज राहून गेले होते. तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अध्यक्षपदासाठी राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांच्या मतांत बरोबरी झाली किंवा कोणालाच बहुमत मिळाले नाही, तर निवड प्रतिनिधिगृहाने करायची, पण तेवढ्या एका प्रसंगी सदस्यागणिक नव्हे, राज्यागणिक एक मत. व्हर्जिनियाचे १९ सदस्य मिळून एक मत आणि डेलावेअरच्या एका सदस्याचेही एक मत. ज्या राज्याला दोन सदस्य, तिथे त्या दोघांत मतभेद झाला तर राज्याचे मत बाद होणार. डेलावेअरला ती भीती नव्हती. तिथे सदस्यच एक. तो बोलेल ते राज्य बोलले.

त्या एका खुर्चीसाठी माणूस निवडायचा कसा, यावर डेलावेअरने सुरुवातीला एक चमत्कारिक प्रयोग करून पाहिला. प्रत्येक मतदाराने एक नव्हे, दोन नावे द्यायची आणि त्यांतले निदान एक आपल्या काउंटीबाहेरच्या माणसाचे असायचे. उद्देश चांगला होता. प्रत्येक काउंटीने फक्त आपलाच माणूस पुढे रेटू नये. १७८९ मध्ये याच पद्धतीने जॉन व्हायनिंग हे पहिले प्रतिनिधी निवडून आले. पण १७९२ च्या निवडणुकीत या नियमाने घोळ घातला. निवडून आलेले जॉन पॅटन खुर्चीवर बसले आणि हेन्री लॅटिमर यांनी मतपत्रिकांवर हरकत घेतली. प्रकरण प्रतिनिधिगृहापुढे गेले आणि फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅटन यांना उठवून तीच खुर्ची लॅटिमर यांना देण्यात आली. त्याच वर्षीच्या पुढच्या निवडणुकीत पॅटन यांनी ती मतदारांकडून परत मिळवली. एकच खुर्ची असली की तिच्यासाठी किती झुंज होते, त्याचा हा मासला.

जेम्स बायर्ड या खुर्चीवर १७९७ मध्ये आले. जन्म १७६७ चा, फिलाडेल्फियाचा. प्रिन्स्टनमध्ये शिक्षण, विल्मिंग्टनमध्ये वकिली. लग्न ॲन बॅसेट यांच्याशी झाले. सासरे रिचर्ड बॅसेट हे राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक, पुढे डेलावेअरचे गव्हर्नर, आणि मेथडिस्ट पंथाचे मोठे आधारस्तंभ. बायर्ड फेडरलिस्ट पक्षाचे. मजबूत केंद्रसत्ता, सरकारी कर्जाची चोख परतफेड, आरमार, व्यापार ही त्या पक्षाची निष्ठा. जेफरसन यांच्या पक्षाला तेव्हा रिपब्लिकन म्हणत; आजच्या त्याच नावाच्या पक्षाशी त्याचा संबंध नाही. तिशी नुकती ओलांडलेले बायर्ड थोड्याच काळात प्रतिनिधिगृहातल्या फेडरलिस्टांच्या पुढाऱ्यांत गणले जाऊ लागले.

१८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते राहून गेलेले बीज उगवले. त्या काळी प्रत्येक निर्वाचक दोन मते देई. अध्यक्षासाठी कोणते आणि उपाध्यक्षासाठी कोणते असा भेद मतपत्रिकेवर नसे. रिपब्लिकनांच्या मनात जेफरसन अध्यक्ष आणि ॲरन बर्र उपाध्यक्ष. पण कुणा एका निर्वाचकाने बर्र यांना एक मत कमी द्यायचे, एवढी साधी जुळणी राहून गेली. दोघांना ७३-७३ मते पडली. तेव्हाचे अध्यक्ष, फेडरलिस्टांचे जॉन ॲडम्स, ६५ वर राहिले. बरोबरी झाली आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली.

तीही कोणत्या प्रतिनिधिगृहाकडे? नव्याने निवडून आलेल्या नव्हे, मुदत संपत आलेल्या जुन्या सभागृहाकडे. त्यात फेडरलिस्टांचे संख्याबळ मोठे होते. आपला माणूस हरला आहे, तर निदान जेफरसन तरी येऊ नयेत, बर्र यांना अध्यक्ष करू, असा बेत त्यांनी आखला. राज्ये सोळा, बहुमताला नऊ हवीत. जेफरसन यांच्यामागे आठ, बर्र यांच्यामागे सहा, आणि व्हरमाँट व मेरीलँड ही दोन आतून दुभंगलेली. त्या सहांपैकी एक डेलावेअर. म्हणजे एकटे बायर्ड.

मतदान ११ फेब्रुवारी १८०१ रोजी सुरू झाले. वॉशिंग्टन शहर तेव्हा शहर म्हणण्याजोगेही नव्हते. संसद भवनाची फक्त उत्तरेकडची बाजू बांधून झालेली, रस्त्यांवर चिखल, वर बर्फ पडत होते. पहिल्या दिवसाची रात्र उलटून गेली तरी सभागृह उठले नाही. विसाहून अधिक फेऱ्या झाल्या, निकाल तोच. मेरीलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणलेले असताना बर्फातून उचलून आणले गेले. बाजूच्या खोलीत त्यांना अंथरूण घातले, पत्नी उशाशी बसली, आणि प्रत्येक फेरीला ते पडल्या पडल्या आपले मत लिहून देत राहिले. ते आले नसते तर मेरीलँडची बरोबरी मोडून ते राज्य बर्र यांच्याकडे गेले असते. आजाऱ्याच्या अंथरुणावरून एका राज्याचे मत तोलून धरले गेल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

अलेक्झांडर हॅमिल्टन हे फेडरलिस्टांचे सर्वांत मोठे डोके. त्यांचे जेफरसन यांच्याशी हाडवैर. तरीही त्यांनी बायर्ड यांना पत्रे लिहून कळवले की दोघांत जेफरसन परवडले, बर्र नकोत. हॅमिल्टन यांच्या पत्रांनीच बायर्ड यांचे मन वळवले, असे पुष्कळदा सांगितले जाते. मला ते पुरते पटत नाही. पत्रे डिसेंबर-जानेवारीत आली. त्यानंतरही बायर्ड यांनी पस्तीस फेऱ्यांत बर्र यांनाच मत दिले. त्यांना हलवणारे कारण त्यांनी स्वतः ॲडम्स यांना लिहिलेल्या पत्रात सापडते आणि ते डेलावेअरच्या मातीतले आहे. आपण सर्वांत लहान राज्याचे प्रतिनिधी आहोत, संघराज्य मोडले तर स्वतःचे रक्षण करायला त्या राज्याजवळ काहीही साधन नाही, म्हणून घटना धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशा आशयाचे ते लिहितात. जुन्या अध्यक्षांची मुदत संपण्याच्या दिवसापर्यंत, ४ मार्चपर्यंत, नवा अध्यक्ष ठरला नसता तर काय झाले असते? पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया आपल्या पायावर उभी राहिली असती. डेलावेअरला कोणाच्या तरी पायाशी जावे लागले असते. बायर्ड यांना हे लख्ख दिसत होते.

पक्षाच्या बैठकीत त्यांनी आपला विचार सांगितला तेव्हा एकच गदारोळ उठला. फितूर म्हणून ओरडणारेही होते. पण एका राज्याची चावी ज्याच्या खिशात, त्याला कोण अडवणार? बायर्ड सरकत आहेत म्हटल्यावर बाकीच्यांचा धीर सुटला. १७ फेब्रुवारीला छत्तिसावी फेरी झाली. व्हरमाँटचे फेडरलिस्ट सदस्य गैरहजर राहिले, मेरीलँडच्या चार फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ती दोन्ही राज्ये जेफरसन यांच्याकडे गेली. डेलावेअर आणि साउथ कॅरोलिना यांनी कोरी चिठ्ठी दिली. जेफरसन दहा, बर्र चार. इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा: बायर्ड यांनी जेफरसन यांना शेवटपर्यंत मत दिलेच नाही. त्यांनी फक्त विरोधाची भिंत सोडली.

या सोडण्याच्या मोबदल्यात काही कबुली मिळाली होती का, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. १८०६ मध्ये शपथेवर दिलेल्या जबानीत बायर्ड यांनी सांगितले की मेरीलँडचे सॅम्युएल स्मिथ यांच्यामार्फत त्यांना तीन गोष्टींची हमी मिळाली: सरकारी कर्ज फेडले जाईल, आरमार राखले जाईल आणि केवळ पक्षभेदावरून खालच्या अधिकाऱ्यांना काढले जाणार नाही. त्या अधिकाऱ्यांत एक नाव होते विल्मिंग्टन बंदरावरचे जकात अधिकारी ॲलन मॅक्लेन यांचे. स्वातंत्र्ययुद्धात घोड्यावरून गाजलेला हा माणूस पक्का फेडरलिस्ट. जेफरसन यांनी असा सौदा झाल्याचे साफ नाकारले. कोण खरे, हे शपथेवरही ठरले नाही. घडले ते एवढे: डेलावेअरच्या रिपब्लिकनांनी मॅक्लेन यांना काढण्यासाठी तगादा लावला, चौकशीही झाली, आणि मॅक्लेन १८२९ मध्ये मरेपर्यंत त्याच जागेवर राहिले.

मावळते अध्यक्ष ॲडम्स यांनी त्याच आठवड्यात बायर्ड यांची फ्रान्सला वकील म्हणून नेमणूक जाहीर केली. बायर्ड यांनी ती नाकारली. जेफरसन यांना निवडून दिल्याची बक्षिशी म्हणून लोक त्या पदाकडे बघतील, हे त्यांनी ओळखले होते. पॅरिसचे पद सोडून ते पुन्हा आपल्या एका खुर्चीकडे परतले. या माणसाबद्दल आदर वाटायला मला एवढे पुरेसे आहे.

नव्या सभागृहात ते विरोधी बाकांवरचे पहिल्या फळीतले वक्ते झाले. मुद्दाही त्यांच्या जिव्हाळ्याचा मिळाला. ॲडम्स यांनी जाता जाता न्यायव्यवस्थेचा नवा कायदा करून सोळा नवे न्यायाधीश नेमले होते आणि त्यांत एक होते सासरे रिचर्ड बॅसेट. रिपब्लिकनांनी १८०२ च्या आरंभी तो कायदा रद्द करायला घेतला. न्यायाधीशांना खुर्चीवरून काढता येत नाही म्हणून खुर्चीच काढून घेण्याचा हा मार्ग घटनेच्या गाभ्याला धक्का देणारा आहे, अशी मांडणी करत बायर्ड यांनी फेब्रुवारीत लांबलचक, अभ्यासपूर्ण भाषण केले. मार्चमध्ये सभागृहाने ५९ विरुद्ध ३२ मतांनी कायदा रद्द केला. सासऱ्यांची खुर्ची गेली. पण बायर्ड यांच्या शब्दाची धार जेफरसन यांच्या पक्षाला जाणवली होती.

ऑक्टोबरमध्ये हीच व्यक्ती पुन्हा मतदारांपुढे जाणार होती. जेफरसन यांनी सीझर ऑगस्टस रॉडनी यांना उभे राहण्याचा आग्रह धरला. रॉडनी तिशीतले, विल्मिंग्टनचे वकील, आणि पाठीशी काकांचे नाव. डेलावेअरमध्ये ‘सीझर रॉडनी’ हे शब्द उच्चारले की त्या रात्रीच्या घोडदौडीची आठवण निघे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बायर्ड आणि रॉडनी हे एकमेकांचे मित्र होते. दोघांचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला; बायर्ड यांनी रॉडनी यांना लिहिलेली पत्रे छापूनही आली आहेत. देशभर फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन एकमेकांना देशद्रोही ठरवत होते, त्या वर्षांतली ही मैत्री.

राज्य तेव्हा काटेकोर दोन भागांत वाटले गेले होते. उत्तरेच्या न्यू कॅसल काउंटीत ब्रँडीवाइन नदीवर पिठाच्या मोठमोठ्या पाणचक्क्या, विल्मिंग्टनचा व्यापार, प्रेस्बिटेरियन वस्ती, नव्याने आलेले आयरिश लोक. तिथे रिपब्लिकनांचा जोर. एल्यूथेर इरेने द्यू पाँ हे फ्रेंच गृहस्थ त्याच १८०२ साली ब्रँडीवाइनकाठी बंदुकीच्या दारूचा कारखाना उभारत होते. दक्षिणेकडे, केंट आणि ससेक्समध्ये, शेती, जुनी अँग्लिकन घराणी आणि वेगाने वाढणारे मेथडिस्ट. तिथे फेडरलिस्टांची सत्ता. बाकी देशात जेफरसन यांच्या पक्षाची लाट आलेली असताना डेलावेअरचा काटा मधोमध थरथरत होता. १८०१ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन डेव्हिड हॉल जिंकले ते फक्त १८ मतांनी. लागोपाठ दोन वर्षे सबंध राज्याचा निकाल दोन आकडी फरकाने लागावा, यावरून दोन्ही बाजू किती तुल्यबळ होत्या ते कळते.

मतदानाचा दिवस राज्यघटनेने ठरवलेला: ऑक्टोबरचा पहिला मंगळवार. १८०२ मध्ये तो ५ तारखेला आला. मतदान गावोगाव नव्हते. प्रत्येक काउंटीत एकच ठिकाण, काउंटीचे मुख्य गाव. न्यू कॅसलचे लोक न्यू कॅसल गावात, केंटचे डोव्हरला, ससेक्सचे जॉर्जटाउनला. जॉर्जटाउन हे १७९१ मध्ये काउंटीच्या मध्यावर मुद्दाम वसवलेले गाव. त्याआधी ससेक्सचे मुख्य ठिकाण समुद्रकाठचे लुइस होते आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांना ते फार दूर पडे. मध्यावर आणूनही कडेच्या माणसाला वीस-पंचवीस मैल घोड्यावरून किंवा गाडीतून यावे लागेच. सुगीचे दिवस, वाळूचे रस्ते, ओढ्यांवर धड पूल नाहीत. एखाद्याचा घोडा लंगडला, एखाद्याच्या घरी कोणी आजारी पडले, की एक मत कमी. फरक जिथे पंधराचा, तिथे लंगड्या घोड्यालाही वजन येते.

मत द्यायचा हक्क कोणाला होता, तेही पाहिले पाहिजे. १७९२ च्या राज्यघटनेप्रमाणे एकवीस वर्षांचा, दोन वर्षे राज्यात राहिलेला आणि राज्याचा किंवा काउंटीचा कर भरलेला स्वतंत्र गोरा पुरुष. जमिनीची जुनी अट गेली होती, त्या काळाच्या मानाने ही मोकळीक मोठी. १८०० च्या जनगणनेत डेलावेअरची लोकसंख्या ६४,२७३ होती. त्यांतले ६१५३ गुलाम आणि ८२६८ स्वतंत्र कृष्णवर्णीय. गुलामांपेक्षा स्वतंत्र कृष्णवर्णीयांची संख्या अधिक, ही त्या काळच्या गुलामगिरी असलेल्या राज्यांत विलक्षण गोष्ट. पण घटनेतल्या ‘गोरा’ या एका शब्दाने त्या ८२६८ जणांपैकी एकालाही जॉर्जटाउनचा रस्ता धरू दिला नाही. स्त्रियांनाही नाही. शेजारच्या न्यू जर्सीत त्याच वर्षांत मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया मत देत होत्या, हे लक्षात घेतले की डेलावेअरमधली ही भिंत काही अटळ नव्हती हे कळते. ६८२७ मते पडली, म्हणजे दर नऊ-दहा माणसांमागे एक. अध्यक्षाचे भवितव्य ज्या खुर्चीवर एकदा तोलले गेले, ती खुर्ची इतक्या थोड्यांनी भरली.

आणि रॉडनी पंधरा मतांनी जिंकले.

त्याचे परिणाम लगेच दिसले नाहीत, पण दिसले ते मोठे होते. मार्च १८०३ पासून रॉडनी सदस्य झाले आणि त्या सभागृहापुढे पहिल्याच वर्षी दोन अवाढव्य प्रश्न आले. एक लुइझियानाच्या खरेदीचा, जिने देशाचे क्षेत्रफळ दुप्पट झाले. दुसरा, १८०१ सारखा पेच पुन्हा होऊ नये म्हणून निर्वाचकांनी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना वेगवेगळे मत द्यावे अशा घटनादुरुस्तीचा. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मते लागतात. डिसेंबर १८०३ मध्ये प्रतिनिधिगृहाने ती मंजूर केली ८४ विरुद्ध ४२ अशी, म्हणजे नेमकी दोन-तृतीयांश, एकही मत जास्त नाही. सभापती नॅथॅनियल मेकन यांनी आपले मत घातले तेव्हा ती भरती झाली. फेडरलिस्ट पक्ष या दुरुस्तीच्या विरोधात होता, आणि डेलावेअरच्या एकुलत्या खुर्चीवर त्या दिवशी फेडरलिस्ट बसलेला नव्हता. पुढच्याच महिन्यात डेलावेअरच्या विधानसभेने, जिथे फेडरलिस्टांचे बहुमत होते, तीच दुरुस्ती फेटाळली. राज्याची विधानसभा एका बाजूला, राज्याचा प्रतिनिधी दुसऱ्या पक्षाचा. पंधरा मतांच्या काट्यावर उभ्या असलेल्या राज्याचे यापेक्षा चपखल चित्र मिळणार नाही. ती बारावी घटनादुरुस्ती पुरेशा राज्यांनी स्वीकारली आणि आजही अमेरिकेचा अध्यक्ष तिच्याच नियमाने निवडला जातो.

१८०४ मध्ये बायर्ड आणि रॉडनी पुन्हा समोरासमोर आले. या खेपेला बायर्ड जिंकले. पण ती खुर्ची त्यांनी घेतलीच नाही, कारण दरम्यान राज्याच्या विधानसभेने त्यांना सिनेटमध्ये पाठवले. रिकाम्या झालेल्या जागेवर पोटनिवडणुकीने जेम्स ब्रूम आले. रॉडनी यांना १८०७ मध्ये जेफरसन यांनी देशाचे ॲटर्नी जनरल नेमले.

इथे कथेला असा एक वळसा मिळतो की तो कोणी कादंबरीत घातला असता तर ओढूनताणून आणला म्हणाले असते. ज्या ॲरन बर्र यांना बायर्ड यांनी पस्तीस वेळा मत दिले, ते बर्र १८०७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. पश्चिमेकडे सैन्य उभारून वेगळे राज्य स्थापण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. मिसिसिपी प्रदेशात ते पहिल्यांदा ज्या न्यायाधीशापुढे उभे राहिले, ते थॉमस रॉडनी, म्हणजे सीझर ऑगस्टस यांचे वडील. जेफरसन यांनीच १८०३ मध्ये त्यांना तिथे नेमले होते. आणि रिचमंड येथे खटला उभा राहिला तेव्हा सरकारचे ॲटर्नी जनरल होते सीझर ऑगस्टस रॉडनी. बर्र त्यात निर्दोष सुटले.

बायर्ड सिनेटमध्ये १८१३ पर्यंत राहिले. ब्रिटनशी पुन्हा युद्ध पेटले तेव्हा तहाच्या वाटाघाटींसाठी त्यांना युरोपात पाठवण्यात आले. जॉन क्विन्सी ॲडम्स, हेन्री क्ले, अल्बर्ट गॅलटिन, जोनाथन रसेल आणि बायर्ड या पाच जणांनी २४ डिसेंबर १८१४ रोजी आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात तह केला. त्यानंतर बायर्ड आजारी पडले. विल्मिंग्टनला आपल्या घरी पोहोचले आणि अवघ्या सहा दिवसांत, ६ ऑगस्ट १८१५ रोजी वारले. वय ४८. त्यांच्या घराण्यातून, त्यांना धरून, पाच जण डेलावेअरतर्फे सिनेटवर गेले. रॉडनी यांचा शेवट मात्र घरापासून फार दूर झाला. नवस्वतंत्र अर्जेंटिनात अमेरिकेचे पहिले वकील म्हणून ते गेले आणि १० जून १८२४ रोजी ब्युनोस आयरेस येथे वारले.

इकडे डेलावेअरमध्ये १८११ साली मतदान काउंटीच्या गावातून उठून गावोगाव गेले, पण ससेक्समध्ये एक प्रथा टिकली. मतमोजणीचा निकाल ऐकायला लोक जॉर्जटाउनला जमत. आजही निवडणुकीनंतरच्या गुरुवारी तिथे ‘रिटर्न डे’ भरतो. कचेरीच्या सज्जातून दवंडीवाला निकाल वाचून दाखवतो, जिंकलेला आणि हरलेला उमेदवार एकाच घोडागाडीत बसून मिरवणुकीने गावातून जातात आणि दोन्ही पक्षांचे अध्यक्ष मिळून एक कुऱ्हाड लुइसच्या किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत पुरतात. पुढे भाजलेल्या बैलाच्या मांसाचे जेवण सर्वांना फुकट.

राज्यागणिक एक मत देऊन प्रतिनिधिगृहाने अध्यक्ष निवडण्याचा प्रसंग त्यानंतर एकदाच आला, फेब्रुवारी १८२५ मध्ये. तेव्हाही डेलावेअरचा सदस्य एकच होता: लुइस मॅक्लेन, विल्मिंग्टनच्या त्या जकात अधिकाऱ्याचा मुलगा. त्याने डेलावेअरचे मत विल्यम क्रॉफर्ड यांना दिले. अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स झाले. ती तरतूद बाराव्या घटनादुरुस्तीत अजून शाबूत आहे, आणि प्रतिनिधिगृहातली डेलावेअरची जागा आजही एकच आहे.